मृदू यंत्रमानव आणि परिधानयोग्य संवेदक : गरज, संशोधन व आश्रय यांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : मृदू यंत्रमानवशास्त्र, कृत्रिम स्नायू, परिधानयोग्य संवेदक, पोलिओ, पुनर्वसन, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना :

‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांनी. १९२० साली प्रकाशित झालेल्या ‘आर. यू. आर.’ या त्यांच्या नाटकातील रोबोट लोखंडाचे नव्हते. रासायनिक प्रक्रियेतून सिद्ध झालेल्या, सजीव मांसाशी साधर्म्य असणाऱ्या द्रव्यापासून ते घडविलेले होते. प्रत्यक्षात मात्र यंत्रमानव अवतरला तो पोलादी देह घेऊन. १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. ओतकामाच्या साच्यातून निघणारे तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम होते. कामाच्या वेळी माणसाने त्याच्यापासून दूर राहावे, ही सुरक्षिततेची पहिली अट होती. पुढील अनेक दशके यंत्रमानव आणि मानवी देह यांच्यामध्ये असे कुंपण उभे राहिले.

हे कुंपण दूर करून यंत्राला मानवी शरीराच्या निकट, किंबहुना थेट त्वचेवर आणण्याचा प्रयत्न म्हणजे मृदू यंत्रमानवशास्त्र आणि मृदू परिधानयोग्य संवेदक होत. ही विद्याशाखा गेल्या पंधरा-वीस वर्षांत अचानक उदयास आली, असा एक समज प्रचलित आहे. उपलब्ध इतिहास पाहता हा समज अपुरा ठरतो. या शाखेची मूलतत्त्वे एकोणिसाव्या शतकात सापडतात. तिची पहिली महत्त्वाची उपकरणे १९५० च्या दशकात रुग्णांसाठी तयार झाली, त्यानंतर काही काळ ती मागे पडली आणि पुढे निराळ्याच आश्रयदात्यांच्या पाठबळाने पुन्हा पुढे आली. हा प्रवास सरळ रेषेतील प्रगतीचा नाही. कोणाच्या गरजेतून संशोधन सुरू झाले, त्याला खर्च कोणी पुरविला आणि अखेर ते कोणाच्या हाती पडले, या तीन प्रश्नांच्या आधारे त्या प्रवासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना आणि व्याप्ती :

‘मृदू’ या शब्दाला येथे निश्चित भौतिक अर्थ आहे. पदार्थ ताणला असता किती प्रतिकार करतो हे त्याच्या स्थितिस्थापकता गुणांकावरून कळते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा आधार असलेल्या सिलिकॉनच्या स्फटिकाचा हा गुणांक सुमारे १३० ते १९० गिगापास्कल असतो. मानवी त्वचेचा गुणांक शरीराचा भाग व मोजण्याची पद्धत यांनुसार बदलत असला, तरी तो सामान्यतः किलोपास्कल ते मेगापास्कल या टप्प्यात राहतो. म्हणजे दोहोंच्या ताठरपणात हजारो ते लक्षावधी पटींचा फरक आहे. कोपर वा गुडघा वाकवताना त्वचा सहज तीस टक्क्यांपर्यंत ताणली जाते. इतक्या ताणात सिलिकॉनची चकती टिकत नाही आणि धातूची साधी पातळ तारही तुटते. त्यामुळे शरीराला चिकटून राहणारे व त्याच्याबरोबर हलणारे यंत्र हवे असेल, तर यंत्राच्या द्रव्याचाच नव्याने विचार करावा लागतो.

या विचाराच्या दोन शाखा आहेत. पहिली शाखा कृतीची आहे. रबर वा सिलिकोनसारख्या लवचीक पदार्थांपासून हालचाल घडविणारे कृत्रिम स्नायू, बोटे आणि पकडी तिच्यात येतात. दुसरी शाखा संवेदनेची आहे. ताण, दाब, नाडी, घाम यांची नोंद घेणारे लवचीक संवेदक तिच्यात मोडतात. या शाखा दीर्घकाळ स्वतंत्रपणे वाढल्या. त्यांचा संगम एकविसाव्या शतकात झाला असला, तरी दोहोंच्या आरंभकाळातील महत्त्वाचे टप्पे रुग्णाच्या देहाशी निगडित आहेत, ही बाब लक्षणीय होय.

पूर्वपीठिका : रबर, तार आणि विद्युत् :

मृदू यंत्राचे पहिले द्रव्य रबर. नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकासह तापविले असता ते टिकाऊ व स्थितिस्थापक बनते हे शोधून काढले आणि १८४४ मध्ये त्याचे अमेरिकन पेटंट मिळविले. व्हल्कनीकरण नावाच्या या प्रक्रियेमुळे, वारंवार ताणूनही मूळ आकार धारण करणारा पदार्थ मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला.

संवेदनेच्या शाखेचे मूळ विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांच्या १८५६ मधील व्याख्यानात आढळते. तांब्याची व लोखंडाची तार ताणली असता तिचा विद्युत् रोध बदलतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. या निरीक्षणाचा व्यावहारिक उपयोग होण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली. १९३८ च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आर्थर रूज यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे, पृष्ठभागावर चिकटविता येणारा तारेचा ताणमापक सिद्ध केला. विमाने, पूल व इमारती यांच्या परीक्षणासाठी तो अत्यंत उपयुक्त ठरला. परंतु पोलादाचा अतिसूक्ष्म ताण मोजण्यासाठी घडविलेला हा मापक त्वचेचा मोठा ताण सहन करू शकत नव्हता.

तिसरा धागा विद्युत् क्षेत्राचा आहे. क्ष-किरणांच्या शोधापूर्वी, १८८० मध्ये, विल्हेल्म रॉन्टगेन यांनी रबराच्या पट्टीवर विद्युत्भार दिल्यास तिची लांबी बदलते, असे निरीक्षण नोंदविले होते. त्याचा परिपूर्ण वापर एकशे वीस वर्षांनी झाला. २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेतील रॉन पेलरीन व सहकाऱ्यांनी विद्युत् दाबाखाली शंभर टक्क्यांहून अधिक ताणले जाणारे रबरी पटल तयार केल्याचे प्रसिद्ध केले. मूलतत्त्व ठाऊक असणे आणि त्याची गरज निर्माण होणे यांमध्ये किती मोठा काळ जाऊ शकतो, याची ही दोन बोलकी उदाहरणे होत.

पोलिओ आणि कृत्रिम स्नायू :

कृतीच्या शाखेतील निर्णायक टप्पा पोलिओच्या साथीशी जोडलेला आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत पोलिओचे ५७ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी अनेकांना कायमचे पंगुत्व आले. याच काळात लॉस ॲलामॉस येथील भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ मॅककिबेन यांच्या कन्येला पोलिओ झाला व तिचे हात निकामी झाले.

मॅककिबेन यांची पार्श्वभूमी येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुचाचणीच्या वेळी स्फोटाची स्वयंचलित कालमापन यंत्रणा सुरू करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. विनाशाच्या सर्वांत मोठ्या यंत्रणेची कळ दाबणारा हा शास्त्रज्ञ पुढे एका लहान मुलीची बोटे हलविण्याच्या प्रश्नाकडे वळला. कॅलिफोर्नियातील रँचो लॉस ॲमिगोस या रुग्णालयात अस्थिव्यंगशल्यचिकित्सक डॉ. व्हर्नन निकेल व त्यांचे सहकारी पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनाचे काम करीत होते. त्यांच्या सहकार्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मॅककिबेन स्नायू’ या नावाने प्रसिद्ध झालेले साधन आकाराला आले.

या साधनाची रचना अत्यंत साधी होती. आत रबराची नळी आणि बाहेरून, एकमेकांना तिरपे छेदत जाणाऱ्या न ताणणाऱ्या धाग्यांची विणलेली जाळी. नळीत वायू भरला की ती फुगते, जाळीचा व्यास वाढतो व धागे लांबत नसल्याने संपूर्ण स्नायू आखूड होतो. धाग्यांचा अक्षाशी होणारा कोन सुमारे ५४.७ अंश झाला की आकुंचन थांबते. हा स्नायू पूर्ण लांबीवर सर्वाधिक बल देतो आणि आकुंचन पावताना त्याचे बल कमी होत जाते. नैसर्गिक स्नायूशी असलेले हे साम्य त्याचे मोठे वैशिष्ट्य ठरले. लहान नळकांड्यातील कार्बन डायऑक्साइड वायूच्या साहाय्याने, हाताला बांधलेल्या आधारपट्टीतील बोटे मिटविणे त्यामुळे शक्य झाले.

येथे एक ऐतिहासिक दक्षता आवश्यक आहे. विणलेल्या जाळीतील फुगणाऱ्या नळीची कल्पना केवळ मॅककिबेन यांची नव्हती. आर. एच. गेलॉर्ड यांना अशाच रचनेचे अमेरिकन पेटंट १९५८ मध्ये मिळाले आणि त्याहीपूर्वी तत्सम रचना सुचविल्या गेल्या होत्या. तरीही साधनाला नाव मिळाले ते मॅककिबेन यांचे, कारण त्यांनी ती रचना एका विशिष्ट देहाच्या विशिष्ट गरजेशी जोडली. शोधाच्या इतिहासात गरजेचे स्थान कोणते, याचे उत्तर या नामकरणातच दडलेले आहे.

लसीनंतरची उपेक्षा :

१२ एप्रिल १९५५ रोजी जोनास साल्क यांची पोलिओ लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. १९५७ पर्यंत अमेरिकेतील वार्षिक रुग्णसंख्या सहा हजारांच्या खाली आली. मानवजातीच्या दृष्टीने ही निःसंशय महान घटना होती. परंतु तिचा एक दुय्यम परिणामही संभवतो. नव्या रुग्णांची संख्या घटल्यावर कृत्रिम स्नायूंसारख्या साधनांमागील सार्वजनिक आस्था व निकड ओसरली असावी, असे अनुमान काढता येते. पंगुत्व आलेले जुने रुग्ण मात्र त्यानंतरही अनेक दशके जगले. साथ संपली तरी पंगुत्व संपत नाही, ही वस्तुस्थिती आकडेवारीच्या आलेखात सहसा दिसत नाही.

या उपेक्षेस केवळ सामाजिक कारण नव्हते. तांत्रिक अडचणीही खऱ्या होत्या. वायूचे नळकांडे बाळगावे लागे, रबर झिजे, जाळीतील घर्षणामुळे एकाच दाबाला स्नायूची लांबी प्रत्येक वेळी सारखी राहत नसे आणि त्याचे नियंत्रण गणिताने बांधणे अवघड होते. याउलट विद्युत् मोटार नेमकी व आज्ञाधारक होती. कारखान्याला नेमकेपणा हवा होता, त्यामुळे मोटारीने बाजी मारली. कठीण यंत्रमानवाचा विजय हा नैसर्गिक न्याय नव्हता. कारखान्याच्या गरजेला दिलेले ते उत्तर होते.

जपानमधील पुनरुज्जीवन :

मृदू यंत्राचे पुनरुज्जीवन प्रामुख्याने जपानमध्ये झाले. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील शिगेओ हिरोसे व योजी उमेतानी यांनी १९७८ मध्ये, कोणत्याही आकाराच्या वस्तूला सर्व बाजूंनी समान दाबाने वेढणाऱ्या ‘मृदू पकडी’वरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिचे घटक रबरी नव्हते, ती कड्या व कप्प्यांची साखळी होती. मृदुता द्रव्यातच असावी असे नाही, ती वर्तनातही असू शकते, हा महत्त्वाचा विचार तिने रुजविला.

१९८० च्या दशकात ब्रिजस्टोन या टायर उत्पादक कंपनीने मॅककिबेन स्नायूची सुधारित आवृत्ती ‘रबरट्युएटर’ या नावाने बाजारात आणली. तोशिबा कंपनीत कार्यरत असलेल्या कोइची सुझुमोरी यांनी १९९० च्या आसपास, आत तीन कप्पे असलेले सिलिकोन रबराचे बोट विकसित केले. तीन कप्प्यांतील हवेचा दाब वेगवेगळा ठेवला की ते बोट कोणत्याही दिशेने वाकत असे आणि भिंतीत गुंफलेल्या धाग्यांमुळे ते आडवे फुगत नसे. आजच्या बहुसंख्य वायुचलित मृदू बोटांमागे हेच तत्त्व आहे.

या काळातील आश्रयदाता उद्योग होता, रुग्णालय नव्हते. तथापि शरीरशास्त्राकडील वाट पूर्णपणे बंद झाली नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील चिंग-पिंग चाउ व ब्लेक हॅनाफोर्ड यांनी १९९६ मध्ये मॅककिबेन स्नायूचे पद्धतशीर मापन व गणिती प्रतिरूप प्रसिद्ध केले. एका पित्याच्या निकडीतून आकाराला आलेले साधन सुमारे चार दशकांनी अभ्यासविषय म्हणून प्रतिष्ठा पावले.

रुग्णशय्येजवळचा संवेदक :

संवेदनेच्या शाखेतही असाच अनुक्रम दिसतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर. जे. व्हिटनी यांनी १९५३ मध्ये हातापायांच्या आकारमानातील बदल मोजण्यासाठी एक साधन वर्णिले. पाऱ्याने भरलेली बारीक रबरी नळी दंडाभोवती वा पोटरीभोवती गुंडाळायची. वरच्या बाजूस पट्टा आवळून शिरांतून परतणारे रक्त थोडा वेळ रोखले की धमन्यांतून येणाऱ्या रक्ताने अवयव किंचित फुगतो, नळी ताणली जाते आणि पाऱ्याचा विद्युत् रोध वाढतो. रोधवाढीच्या वेगावरून रक्तप्रवाह काढता येतो. पाऱ्याचे आकारमान कायम राहत असल्याने नळीची लांबी दुप्पट झाली तर छेद निम्मा होतो व रोध चौपट होतो. इतके साधे गणित त्यामागे होते. आजच्या परिभाषेत या साधनाला मृदू परिधानयोग्य संवेदक म्हणावयास काहीच प्रत्यवाय नाही.

परिधानयोग्यतेची दुसरी पूर्वखूण नॉर्मन होल्टर यांच्या कामात मिळते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोंटाना येथील या संशोधकाने हृदयाचा विद्युत् आलेख रेडिओद्वारे दूर पाठविणारे उपकरण तयार केले. पाठीवर वाहावयाच्या त्या उपकरणाचे वजन सुमारे ३८ किलोग्रॅम होते. ते अवजड होते, परंतु रुग्ण अंथरुणावर निजलेला नसून वावरत असताना त्याचे हृदय समजून घ्यावे, ही दृष्टी त्यात होती. पुढे हेच उपकरण लहान होत जाऊन जगभरच्या रुग्णालयांत ‘होल्टर’ या नावाने रूढ झाले.

व्हिटनी यांच्या साधनातील दोष पाऱ्याची विषारिता हा होता. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या सदस्य राष्ट्रांनी २०२२ मध्ये, आकारमानमापक उपकरणांतील पाऱ्याच्या ताणमापकांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबविण्याचे ठरविले. दरम्यान शास्त्रज्ञांनी पाऱ्याला पर्याय शोधला होता. सुमारे ७५ टक्के गॅलियम व २५ टक्के इंडियम यांचे मिश्रण सुमारे १५.५ अंश सेल्सियसवरच वितळते. २००८ मध्ये मायकेल डिकी, जॉर्ज व्हाइटसाइड्स व सहकाऱ्यांनी सूक्ष्म नलिकांमधील त्याच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेशी संपर्क येताच पृष्ठभागावर ऑक्साइडची पातळ साय धरत असल्याने हा द्रवधातू नलिकेत दिलेला आकार टिकवितो. २०१२ मध्ये हार्वर्डमधील योंग-ले पार्क, रॉबर्ट वुड व सहकाऱ्यांनी सिलिकोन रबरातील नलिकांत हाच द्रवधातू भरून ताण व दाब मोजणारी कृत्रिम त्वचा तयार केली. तत्त्व मात्र सहा दशकांपूर्वीच्या रबरी नळीचेच होते.

कृत्रिम त्वचेकडे :

ठिसूळ पदार्थ मृदू कसा करावा, याचे दुसरे उत्तर भूमितीने दिले. पट्टीची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी एक दशांश केली की हा विरोध एक सहस्रांश होतो. २००४ मध्ये टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने सेंद्रिय ट्रान्झिस्टर वापरून मोठ्या पृष्ठभागाचा लवचीक दाबसंवेदक सादर केला. यंत्रमानवाला ‘त्वचा’ देणे हा त्याचा उद्देश होता. २०१० मध्ये स्टॅनफर्डमधील झेनान बाओ यांच्या गटाने रबरी पटलावर सूक्ष्म मनोरे उठवून अत्यंत हलका स्पर्शही टिपता येतो हे दाखविले.

२०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स व सहकाऱ्यांनी ‘बाह्यत्वचीय इलेक्ट्रॉनिकी’ प्रसिद्ध केली. सुमारे ३० मायक्रोमीटर जाडीच्या मृदू पटलावर नागमोडी वळणांच्या तारा बसवून, पाण्याने उमटविल्या जाणाऱ्या तात्पुरत्या गोंदणाप्रमाणे, हे उपकरण त्वचेवर चढविता येत असे. तारेची वळणे उलगडत जात असल्याने धातू स्वतः फारसा ताणला जात नाही. २०१९ मध्ये याच परंपरेतील बिनतारी संवेदक अकाली जन्मलेल्या अर्भकांवर वापरून दाखविण्यात आले. अशा अर्भकांची त्वचा इतकी नाजूक असते की नेहमीच्या चिकटपट्ट्या काढताना तिला इजा होते आणि तारांच्या गुंत्यामुळे आईला बाळ जवळ घेणेही कठीण जाते. मृदुतेचा अर्थ येथे प्रयोगशाळेतील गुणांकापुरता उरत नाही.

एकविसाव्या शतकातील आश्रयदाते :

२०११ मध्येच हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हाडाविना चालणारा, चार पायांचा सिलिकोन यंत्रमानव सादर केला. हवेच्या दाबावर सरपटत तो अरुंद फटीखालून पलीकडे जाई. २०१६ मध्ये त्याच विद्यापीठातून ‘ऑक्टोबॉट’ हा अष्टपादाच्या आकाराचा, पूर्णतः मृदू व बाहेरील नळीविना चालणारा यंत्रमानव पुढे आला. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या वायूवर तो चालत असे. युरोपात इटलीतील चेचिलिया लास्की यांच्या नेतृत्वाखाली २००९ पासून अष्टपादाच्या बाहूंवर आधारित प्रकल्प राबविला गेला. २०१४ मध्ये या शाखेला वाहिलेले ‘सॉफ्ट रोबोटिक्स’ हे नियतकालिक सुरू झाले आणि तिला स्वतंत्र विद्याशाखेची ओळख मिळाली.

या भरभराटीमागे अमेरिकन संरक्षण खात्याची ‘डार्पा’ ही संस्था एक मोठा आश्रयदाता होती. व्हाइटसाइड्स यांच्या कामाला तिचे अर्थसाहाय्य होते. सैनिकांवरील ओझ्याचा शारीरिक भार हलका करणाऱ्या मृदू पोशाखासाठी तिने २०११ मध्ये ‘वॉरियर वेब’ हा कार्यक्रम सुरू केला. हार्वर्डमधील कॉनर वॉल्श यांच्या गटाने या कार्यक्रमांतर्गत कापडी ‘एक्झोसूट’ विकसित केला. पुढे याच तंत्राच्या आधारे पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांच्या चालण्याच्या सरावासाठी ‘रीस्टोअर’ हे साधन तयार झाले आणि जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीस मान्यता दिली.

म्हणजे १९५० च्या दशकातील मार्ग येथे उलटा झालेला दिसतो. त्यावेळी संशोधन रुग्णाच्या गरजेतून निघून उद्योगाकडे गेले होते, आता ते सैनिकाकडून रुग्णाकडे आले. यात केवळ दोष पाहणे योग्य नव्हे, कारण अखेरीस रुग्णाला साधन लाभले. परंतु जो खर्च करतो तोच प्रश्न ठरवितो, हेही नाकारता येत नाही. निरोगी सैनिकाचा थकवा आणि पंगू हाताची पकड हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असले, तरी त्यांच्यासाठी मिळणारा निधी समान नसतो.

भारतीय संदर्भ :

भारतात या विषयाकडे पाहताना ‘जयपूर फूट’ची आठवण अपरिहार्य ठरते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूर येथील सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी व्हल्कनीकृत रबराचे हे कृत्रिम पाऊल विकसित केले. पाश्चात्त्य धाटणीचे ताठर पाऊल बुटात घालून चालण्यासाठी होते. भारतीय माणसाला अनवाणी चालायचे होते, उकिडवे बसायचे होते, मांडी घालायची होती आणि चिखलातून शेतात जायचे होते. पावलाला रबराची लवचीकता देऊन या गरजा भागविण्यात आल्या. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पावलात मोटार नाही, संवेदक नाही. तरीही मृदुतेची निवड स्थानिक देहव्यवहारातून कशी करावी, याचा तो वस्तुपाठ होय. शिवाय त्यात कारागिराच्या हातातील ज्ञान आणि वैद्यकाचे ज्ञान यांचा संयोग झाला होता.

महाराष्ट्रालाही पुनर्वसनाची मोठी परंपरा आहे. पुणे येथील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी स्थापन झाले. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, म्हणजे साल्क लस जाहीर झाली त्याच वर्षापासून, कार्यरत आहे. भारतात मात्र पोलिओ त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण नोंदले गेले होते. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. ज्या आजाराने कृत्रिम स्नायूला जन्म दिला, त्या आजाराने पंगू झालेली एक संपूर्ण पिढी आज भारतात प्रौढ वयात आहे. या पिढीला कुबडी व लोखंडी कॅलिपर परिचित आहेत. मृदू कृत्रिम स्नायू तिच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येत नाही.

संवेदकांच्या बाबतीतही सावधगिरीची गरज आहे. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे उपकरण कोविड काळात घरोघरी पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी, या उपकरणातून निसटणारी ऑक्सिजनची कमतरता गौरवर्णीय रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळते, असे दाखविले. त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालणारे साधन सर्व वर्णांच्या त्वचेवर पुरेसे तपासले गेले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो. त्वचेवर चिकटणाऱ्या नव्या संवेदकांना वर्णाबरोबरच घाम, दमट हवा, ऊन व कष्टाच्या कामाने राठ झालेले हात यांचाही सामना करावा लागेल. वातानुकूलित प्रयोगशाळेत टिकणारे पटल ऊसतोडणी करणाऱ्या मजुराच्या हातावर टिकेलच, असे गृहीत धरता येणार नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मृदू यंत्रमानवशास्त्र ही केवळ एकविसाव्या शतकातील निर्मिती नाही. तिची द्रव्ये व तत्त्वे १८३९, १८५६ व १८८० इतक्या मागे जातात आणि तिची पहिली महत्त्वाची साधने १९५० च्या दशकात पुनर्वसन व शरीरक्रियाशास्त्र यांच्या गरजेतून निर्माण झाली.

२. तंत्रज्ञानाचा स्वीकार वा त्याग केवळ गुणवत्तेवर ठरत नाही. मॅककिबेन स्नायूच्या उपेक्षेत तांत्रिक मर्यादांइतकाच गरजू समूह दृष्टिआड होण्याचा वाटा संभवतो.

३. आश्रयदाता बदलला की प्रश्नांचा अग्रक्रमही बदलतो. रुग्णालय, उद्योग व संरक्षण खाते या तिन्ही आश्रयदात्यांनी या शाखेला आपापला आकार दिला आहे.

४. ‘मृदुता’ ही सापेक्ष संकल्पना आहे. कोणाच्या देहासाठी, कोणत्या हवामानात व कोणत्या व्यवहारात, हे निश्चित केल्याविना तिला अर्थ प्राप्त होत नाही. जयपूर फूट हे याचे भारतीय उदाहरण होय.

विज्ञान, वैद्यक, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या अध्यापकांना या विषयात एकत्र काम करण्यास मोठा वाव आहे. जिल्ह्यातील पोलिओग्रस्त प्रौढांच्या मौखिक मुलाखती, पुनर्वसन केंद्रांतील जुनी साधने व नोंदवह्या यांचे संकलन हे काम महाविद्यालयीन स्तरावरही करता येण्याजोगे आहे आणि ती पिढी हयात आहे तोवरच ते करता येईल. पोलादी यंत्रमानवाभोवती कुंपण होते, ते सर्वांना दिसत असे. मृदू यंत्राभोवतीचे कुंपण दिसत नाही. ते किमतीचे असते, चाचणीसाठी कोणाचे देह निवडले गेले याचे असते आणि कोणाची गरज विस्मरणात गेली याचेही असते. ते कुंपण दाखवून देणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.